हायस्कूलमध्ये भरणारं कॉलेज: आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या बाहेरच्या वर्गांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग कारणं. शिकवणं: साडेचार स्टार. फी: पाचपैकी पाच, त्यात वादच नाही. कॉलेजच्या आवाराबाहेर, म्हणजे सेंटरवर आणि आजूबाजूच्या हायस्कूलमध्ये वर्ग लावायची जी काही व्यवस्था आहे ती: अडीच, तेही माझा मूड बरा असताना. कॉलेजचं नाव टाकत नाहीये, दोन्ही मुलं अजून तिथेच शिकतायत, आणि ईस्ट बेमधल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेकडच्या गावांतल्या, बाकीच्या आईबाबांशी बोललं की कळतं नावं बदलली तरी गोष्ट साधारण हीच आहे.

जे इथे नवीन आलेत किंवा पुण्या-नागपूरहून वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात. इथलं कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं ज्युनिअर कॉलेज नव्हे. डिग्रीची पहिली दोन वर्षं इथे स्वस्तात करायची आणि मग यूसी नाहीतर कॅल स्टेटला, म्हणजे राज्याच्या सरकारी विद्यापीठांना, ट्रान्सफर घ्यायची, किंवा वेल्डिंग, नर्सिंग, अकाउंटिंग असलं काही शिकून सरळ नोकरीला लागायचं. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेली. आणि हायस्कूलच्या पोरांना शाळा चालू असतानाच त्यातले वर्ग घेता येतात, याला म्हणतात ड्युअल एनरोलमेंट. युनिटमागे (कोर्स किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर हा दर २०१२ पासून हललेला नाही, आणि हायस्कूलवाल्यांना बहुतेक ठिकाणी तोही माफ असतो. तीन युनिटचा कोर्स फुकट, आणि तोच पुढे विद्यापीठात हजारो डॉलरना पडतो, त्यामुळे आपल्या लोकांच्या कुठल्याही पॉटलकला हा विषय निघतोच निघतो, श्रीखंड वाढून होईपर्यंत तीन जणींनी आपापला एक्सेल काढलेला असतो.

पण पॉटलकमध्ये सगळे बोलतात कुठला कोर्स घ्यायचा ते. तो कुठे भरतो यावर कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते अर्धी गंमत तिथे आहे.

तर कॉलेजं पसरलेली असतात. मेन कॅम्पस एका गावात, सेंटर दुसऱ्या. ओलोनीचं मुख्य कॉलेज फ्रीमाँटला आणि सेंटर न्यूअर्कला, डायब्लो व्हॅलीचं प्लेझंट हिलला आणि दुसरा कॅम्पस सॅन रॅमोनला, फुटहिलचं लॉस आल्टोस हिल्सला आणि सेंटर सनीव्हेलला. त्याच्यापलीकडे मग हायस्कूल साइट्स, म्हणजे शाळेचीच खोली, शाळेचाच फळा, पण शिकवलं जातं ते कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत गुणपत्रकावर येतं. आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं कशी दुसऱ्याच कुठल्या कॉलेजच्या इमारतीत रविवारी भरतात तसंच काहीसं, फक्त तिथे निदान केंद्रसंयोजक नावाचा एक माणूस असतो, ज्याला पकडून विचारता येतं. त्या माणसाबद्दल पुढे बोलायचंय.

शेड्यूल उघडलं की सगळे सेक्शन एकाच यादीत दिसतात. मेन कॅम्पस, सेंटर, ऑनलाइन, आणि मग शाळांची ती तीन-चार अक्षरी कोडं. रूमच्या रकान्यात पी-७ असं काहीतरी, ते म्हणजे पोर्टेबल, शाळेच्या मागच्या बाजूला उभी केलेली पत्र्याची वर्गखोली. आता या यादीत एक गोष्ट फार बारीक अक्षरात असते आणि माझ्या हिशोबी तीच सगळ्यात महत्त्वाची: हा सेक्शन ओपन आहे का क्लोज्ड. इमारत कुठली ते नंतर बघा.

हे ओपन-क्लोज्ड प्रकरण कायद्यातून आलंय. कम्युनिटी कॉलेजला राज्याकडून वर्गाचे पैसे हवे असतील तर तो वर्ग सगळ्यांसाठी खुला पाहिजे, कोणीही येऊन नाव घालू शकलं पाहिजे, आणि तो शाळेत भरत असेल तर शाळा बाहेरच्या लोकांना बंद असते त्या वेळात तो भरवता येत नाही. म्हणून वर्षानुवर्षं शाळेतले कॉलेजचे वर्ग म्हणजे संध्याकाळचे वर्ग. मग २०१५ मध्ये एबी २८८ नावाचा कायदा आला, त्यातून सीसीएपी करार सुरू झाले, बोलताना सगळे सीकॅप म्हणतात. कॉलेज डिस्ट्रिक्ट आणि शाळा डिस्ट्रिक्ट करार करतात, दोघांच्या बोर्डांनी तो जाहीर बैठकीत मंजूर करायचा, आणि एकदा तो झाला की शाळेच्या आवारात, शाळेच्याच वेळात, फक्त शाळेच्या मुलांसाठी बंद वर्ग चालवता येतो. यात फी नाही आणि पुस्तकांचे पैसेही मुलांकडून घ्यायचे नाहीत. साध्या ड्युअल एनरोलमेंटमध्ये मुलाला टर्मला ११ युनिटपर्यंतच परवानगी, सीकॅपमध्ये अटी पाळल्या तर १५ पर्यंत. कायद्याचा हेतू उत्तम आहे, ज्या पोरांना कॉलेज आपल्यासाठी नाहीच असं वाटतं त्यांच्या वर्गात कॉलेज आणून ठेवायचं. आमच्यासारख्या दोन इंजिनिअर आईबापांच्या मुलांसाठी तो लिहिलेलाच नाही हे मान्य करून पुढे जाते.

आमच्या धाकट्यानं हा बंद प्रकार घेतला, पब्लिक स्पीकिंग, शाळेतच, दुपारच्या पिरियडला. शिकवणाऱ्या मॅडम शाळेतल्याच. इथे बऱ्याच लोकांना वाटतं की शाळेचीच टीचर म्हणजे कॉलेजचं नुसतं लेबल लावलंय, तसं नाहीये, कॉलेजच्या कोर्सला शिकवायला त्या विषयात साधारण मास्टर्स लागते आणि कॉलेजच्या विभागाकडून नेमणूक लागते, कोर्सचा आराखडाही तोच जो मेन कॅम्पसवर. मॅडम तर फारच छान होत्या, भाषणाचा कच्चा मसुदा परत देताना पानभर लिहायच्या. पण वर्गात बसलेली सगळी तीच पोरं, जी त्याच्याबरोबर सहावीपासून आहेत. मध्येच स्पीकरवरून घोषणा, मध्येच रॅली म्हणून पिरियड लहान, कोणाला हॉल पास पाहिजे. भाषण करायचं ते कोणासमोर तर मित्रांसमोर, आणि मित्र हसणार कुठे हे त्याला आधीच माहीत. ग्रेड चांगला आला, भीडही थोडी चेपली, पण कॉलेज म्हणजे काय हे कळलं का विचाराल तर नाही, त्याच्यासाठी तो सहावा पिरियडच होता.

लेकीचं उलटं. तिनं सोशिऑलॉजी घेतलं ते संध्याकाळी, साडेसहाला, आणि तेही हायस्कूलच्याच खोलीत, पण ओपन सेक्शन. बघा, इमारत तशीच, बाकं तशीच, भिंतीवर कोणत्या तरी नववीच्या वर्गाची पोस्टर्स. पण आत कोण बसलेलं? दिवसभर क्लिनिकमध्ये मेडिकल असिस्टंटचं काम करून नर्सिंगसाठी युनिट गोळा करणारी एक बाई, वेअरहाऊसची शिफ्ट उरकून येणारे पन्नाशीचे एक गृहस्थ, दोन-तीन विशीतली मुलं जी कॉलेज सोडून परत आलीयेत, आणि चार-पाच हायस्कूलवाले. कुटुंबव्यवस्थेवर चर्चा चालू असताना जिचा घटस्फोट झालाय, जी एकटी मुलं वाढवतेय, ती बाई बोलली की पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याला एकदम चेहरा येतो. लेक गाडीत बसली की अख्ख्या रस्त्यात बोलत राहायची, जी एरवी आमच्याशी आठवड्याला दोन वाक्यं बोलते. आणि गृहस्थांनी तिला एकदा सरळ विचारलं, तू वाचून का आली नाहीस, आम्ही तर काम करून वाचतो. हे मी सांगून झालं नसतं.

शिकवणारे सर ॲडजंक्ट, म्हणजे अर्धवेळ, तीन वेगवेगळ्या कॉलेजांत वर्ग घेणारे. इथे अशांना फ्रीवे फ्लायर म्हणतात, दिवसाचा बराच वेळ हायवेवर. ऑफिस अवर झूमवर, कारण या साइटवर त्यांना बसायला ऑफिसच नाही. वर्ग संपला की पार्किंगमध्ये गाडीच्या बॉनेटवर पेपर ठेवून पोरांशी बोलताना मी त्यांना पाहिलंय. अशा माणसाला साइटवर साधं टेबल-खुर्ची आणि प्रिंटर मिळू नये हा मला कॉलेजचा करंटेपणा वाटतो.

आता तक्रारी, आणि त्या भरपूर आहेत.

मुख्य म्हणजे साइटचा मालक कोण ते कोणालाच माहीत नाही. वर्ग कॉलेजचा, खोली शाळेची, किल्ली कस्टोडियनची, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याची. संध्याकाळी गेटला कुलूप असेल तर कॉलेजला फोन करा, ते म्हणतात शाळेला विचारा, शाळेचं ऑफिस तर चार वाजताच बंद झालेलं. सर आजारी पडले की कॉलेज कॅनव्हासवर, म्हणजे वर्गाच्या ऑनलाइन साइटवर नोटीस टाकतं, पण शाळेच्या फाटकावर काही लागत नाही, आणि ज्यांनी मोबाइल बघितला नाही ते लोक पोर्टेबलच्या पायरीवर बसून राहतात. एकदा शाळेत नाटकाची तालीम होती म्हणून खोली बदलली, ती बदललेली खोली शाळेच्या ईमेलवर आली, आणि बाहेरच्या प्रौढ विद्यार्थ्यांना शाळेचा ईमेल येणार कुठून? ती बाई क्लिनिकमधून धावतपळत येऊन अंधारात खोल्या शोधत फिरत होती. शाळेच्या क्रोमबुकवर कॉलेजचं लॉगिन चालत नाही, शाळेचा फिल्टर अडवतो, वायफाय गेस्टला मिळत नाही. यातली एकेक गोष्ट क्षुल्लक आहे हो, पण ती सोडवायला एक माणूस नेमलेला नाही, आणि म्हणून मला तो मुक्त विद्यापीठाचा केंद्रसंयोजक आठवतो. एक अर्धवेळ माणूस, एक फोन नंबर, संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. बास. इतकंच मागणं आहे.

दुसरी डोकेदुखी कॅलेंडरची. कॉलेजचं सेमिस्टर वेगळ्या तारखेला सुरू, शाळेचं वेगळ्या, स्प्रिंग ब्रेक एकाचा या आठवड्यात तर दुसऱ्याचा पुढच्या, थँक्सगिव्हिंगला शाळा आठवडाभर बंद तर कॉलेज दोनच दिवस. शाळा बंद म्हणजे इमारत बंद, मग तो वर्ग झूमवर. तीन युनिटच्या कोर्सला सेमिस्टरभरात साधारण ५४ तास भरावे लागतात, त्यामुळे शाळेच्या पन्नास मिनिटांच्या पिरियडमध्ये ते बसवताना जी कसरत होते ती टाइमटेबल लावणाऱ्यालाच माहीत. आमच्याकडे निदान सेमिस्टर आहे, डी अँझा आणि फुटहिल तर क्वार्टरवर चालतात, त्यांचं फॉल सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं जेव्हा शाळेला महिना उलटून गेलेला असतो, आणि स्प्रिंग संपतं जूनच्या शेवटी, तेव्हा बाकीची पोरं सुट्टीवर. क्युपर्टिनोतल्या मैत्रिणीनं भारताची तिकिटं दोनदा बदलली त्याचं कारण हेच.

सेंटरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही कारण तिथे सगळं नीट आहे. फ्रंट डेस्क आहे, रात्रीपर्यंत माणूस आहे, ट्यूटरिंग आहे, पुस्तक मागवलं तर मेन लायब्ररीतून येतं. कोर्स मात्र मोजके, केमिस्ट्रीची लॅब हवी असेल तर मेन कॅम्पसलाच जा. हायस्कूल साइटवर तर लॅबचं नावच नको, तिथे तुम्हाला मिळणार सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, कम्युनिकेशन, एथनिक स्टडीज, काउन्सेलिंगचे एक-दोन युनिटवाले कोर्स, फारतर स्टॅट्स. पोराला बाइकवरून जाता येईल एवढ्या अंतरावर सेंटर असेल तर डोळे मिटून सेंटर घ्या.

पालकांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते कारण ऑफिसच्या खिडकीवर आवाज चढवणारे आपलेच लोक मी बघितलेत. मूल सोळाचं असो नाहीतर चौदाचं, कॉलेजच्या वर्गाला नाव घातलं की त्या वर्गाच्या रेकॉर्डवर हक्क मुलाचा, आईबापाचा नाही. १९७४ च्या फेडरल कायद्यानं तसं ठरलंय. वर्ग भले शाळेच्या इमारतीत, शाळेच्या पिरियडला भरत असला तरी. प्रोफेसरला ईमेल करून माझ्या मुलाचा मार्क का कमी विचारलंत तर उत्तर येणार नाही, आलं तर सभ्य नकार येईल. तसंच ज्यांच्या मुलांना शाळेत ५०४ प्लॅन किंवा आयईपी आहे, म्हणजे डिसॅबिलिटी असलेल्या मुलांना शाळेत मिळणाऱ्या सवलती, परीक्षेला जास्त वेळ वगैरे, तो कॉलेजच्या वर्गाला आपोआप लागू होत नाही, कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसकडे मुलानं स्वतः वेगळा अर्ज करायचा असतो. हे शाळेचे काउन्सेलर सांगतात का? आमचे तरी सांगत नव्हते. बंद सेक्शनमध्ये तर हे हमखास विसरलं जातं, कारण सगळ्यांना वाटतं शाळाच आहे की.

आणि ग्रेड कायमचा. वीस टक्के टर्म झाली की सेन्सस येतो, त्या दिवशीच्या डोक्यांवर कॉलेजच्या पैशांचा हिशोब होतो, त्याच्या आत सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर खूण राहत नाही, त्यानंतर साधारण पाऊण टर्मपर्यंत सोडलं तर डब्ल्यू, म्हणजे वर्ग सोडल्याची खूण, त्याच्याही पुढे गेलात तर जे मिळेल ते. ती ट्रान्स्क्रिप्ट पुढे प्रत्येक विद्यापीठाला द्यावी लागते, मूल चाळिशीत एमबीए करायला निघालं तरी.

मग क्रेडिट. यूसीच्या हिशोबात ट्रान्सफर होणारा कोर्स असला की जीपीएमध्ये एपीसारखा (शाळेतले कॉलेजच्या पातळीचे कोर्स) जादा पॉइंट मिळतो, आणि तीन युनिटचा एका सेमिस्टरचा कोर्स शाळेच्या वर्षभराच्या विषयाइतका धरतात. कुठला कोर्स कुठे चालतो ते असिस्ट या साइटवर बघायचं, फुकट आहे, काउन्सेलरपेक्षा ताजं असतं. इथपर्यंत ओपन काय आणि क्लोज्ड काय, सारखंच. फरक पडतो राज्याबाहेर आणि खाजगीकडे. काही खाजगी विद्यापीठं अर्जाच्या वेळी नाही तर नंतर क्रेडिट देताना विचारतात, हा वर्ग कुठे भरला होता आणि त्यात नियमित कॉलेजचे विद्यार्थी होते का. हायस्कूलच्या आवारात, फक्त हायस्कूलच्या मुलांसाठी असेल तर क्रेडिट नाही म्हणणारी बरीच आहेत. म्हणजे पोराचा सिलॅबस तोच, परीक्षा तीच, पण शेजारच्या बाकावर कोण होतं त्यावर युनिट राहणार की जाणार. मला हे अन्यायाचं वाटायचं, पण लेकीचा आणि धाकट्याचा वर्ग शेजारी ठेवून बघितल्यावर पूर्ण अन्याय म्हणवत नाही.

वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यूला माझी चुलतबहीण आहे, तिच्याकडे हे दोन प्रकार सरळ दोन वेगळ्या नावांनी चालतात. रनिंग स्टार्ट, १९९० पासूनचं, त्यात अकरावी-बारावीचं मूल उठून कॉलेजात जातं, ट्यूशन माफ पण पुस्तकं आणि जाणंयेणं आपलं. आणि कॉलेज इन द हायस्कूल, त्यात कॉलेज शाळेत येतं, त्याची फीही सरकारी कॉलेजांत २०२३ च्या कायद्यानं गेली. नाव ऐकलं की कळतं आपण काय घेतोय. आमच्याकडे दोन्ही एका यादीत, एका रंगात, आणि फरक तळटिपेत.

कॉलेजची बाजूही आहे हे कळतं मला. कोविडनंतर नेहमीचे विद्यार्थी खूप घटले, हायस्कूलवाले आले म्हणून वर्ग भरतायत, त्यामुळे दर टर्मला नवीन शाळा जोडायची घाई. त्याच तासांचे पैसे शाळा आणि कॉलेज दोघांनीही राज्याकडून घ्यायचे नाहीत असा नियम आहे, म्हणजे प्रत्येक साइटवर कोणाचा तास कुठे मोजायचा याचा हिशोब ठेवावा लागतो, आणि त्या हिशोबाला माणसं आहेत. गेट उघडायला नाहीत.

तर घ्यायचं का? नक्की घ्या. पोरगं लाजरं असेल, गाडी नसेल, घरात दोघं नोकरीवाले, किंवा कॉलेज हा शब्दच घरात पहिल्यांदा येत असेल तर शाळेतला बंद वर्ग सुरुवातीला उत्तम, एखादा घ्या, जमतंय दिसलं की पुढच्या टर्मला बाहेर काढा. ज्यांना खाजगी किंवा राज्याबाहेर पाठवायचंय त्यांनी ओपन सेक्शनच बघा, मग तो हायस्कूलच्या पोर्टेबलमध्ये का असेना, आणि सिलॅबसची पीडीएफ व सेक्शन नंबर जपून ठेवा, दोन वर्षांनी कोणीतरी मागतंच. संध्याकाळच्या साइटला पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटं लवकर जा, कस्टोडियनशी ओळख करून घ्या, आमचे तर इतके भले आहेत की लेकीच्या वर्गानं टर्म संपताना केक त्यांच्यासाठी आणला, प्रोफेसरसाठी नंतर. आणि शाळेच्या ईमेलवर भरवसा नको, कॅनव्हासचं नोटिफिकेशन फोनवर चालू ठेवा, मुलाच्या फोनवर, तुमच्या नव्हे.

धाकट्याला आता स्प्रिंगमध्ये संध्याकाळचं स्टॅट्स हवंय, ओपन सेक्शन, बहिणीचं ऐकून. यादीत रूमच्या जागी अजून टीबीए, म्हणजे नंतर कळवू, आहे आणि प्रिन्सिपलच्या सहीचा फॉर्म शाळेत अडकलाय. रूम आणि सही दोन्ही रजिस्ट्रेशन बंद व्हायच्या आत आली तर व्यवस्थेचा अर्धा स्टार वाढवते.